डाव्या कडेचा हत्ती

डहाणू रोड
१४ जानेवारी २०२५

प्रिय जीवन,

संक्रांतीच्या शुभेच्छा. यमुनाने तुमच्यासाठी तिळाच्या वड्या बाजूला काढून ठेवल्या आहेत, कोणी तलासरीकडे जाणारं भेटलं की पाठवते.

परवापासून दोनदा फोन केला. पहिल्यांदा तू म्हणालास रेंज नाही. दुसऱ्यांदा म्हणालास, बकऱ्या बाहेर सुटल्यात, मग करतो. तो ‘मग’ काही आला नाही. म्हणून लिहितो. कागदावर तुला विषय बदलता येणार नाही.

रविवारी शेवटच्या फेरीत तू काय केलंस, ते मला सांग.

मी अडतिसाव्या खेळीला हत्ती शेवटच्या ओळीतून काढला आणि तुझं प्यादं खाल्लं. घड्याळाचं बटण दाबलं आणि त्याच क्षणी मला चूक दिसली. माझा राजा त्याच्याच तीन प्याद्यांमागे कोंडलेला, शेवटची ओळ उघडी, आणि तुझा हत्ती तुझ्या डाव्या कडेच्या पट्टीत, समोरचा रस्ता अगदी मोकळा. हत्ती सरळ वर गेला की मात. एका खेळीत. नवशिक्यालाही दिसेल असं. मी मान खाली घालून बसलो, तुझ्याकडे बघायची हिंमत नव्हती. बराच वेळ तू खेळी केली नाहीस. मग उजवीकडचं प्यादं एक घर पुढे सरकवलंस आणि म्हणालास, “मोहन, ड्रॉ?”

मी हात पुढे केला. कोणीही केला असता.

तू जिंकला असतास तर पहिला नंबर तुझा होता. ड्रॉमुळे अर्ध्या गुणाने माझा झाला. साठ वर्षांवरच्यांच्या स्पर्धेत मी आजवर कधी पहिला आलो नव्हतो, हे तुला माहीत आहे. टाळ्या वाजल्या, शाल मिळाली, यमुनाने शिरा केला. मी तो ताटात तसाच ठेवला.

आपण पंचवीस वर्षं खेळतोय. डहाणू, पालघर, वापी, वलसाड, जिथे स्पर्धा तिथे. तू कधी कोणाकडे ड्रॉ मागितल्याचं मला आठवत नाही. मग माझ्याकडेच का? आणि त्याच वेळी का?

खरं कारण लिही.

तुझा,
मोहन सावे

---

वेवजी
२० जानेवारी २०२५

प्रिय मोहन,

पत्र मिळालं. तू रेल्वेत होतास म्हणून प्रत्येक गोष्टीची चौकशी बसवतोस. इथे कुठलीही गाडी घसरलेली नाही.

मला ती खेळी दिसली नाही. एवढंच आहे. दिसली असती तर खेळलो असतो, तुझ्यावर दया करण्याइतका मी मोठ्या मनाचा नाही. दिवसभर बसून दमलो होतो, घड्याळात वेळ थोडा होता, म्हणून ड्रॉ म्हटलं. तू पहिला आलास, मला आनंद आहे. शिरा खा.

बाकी इकडे ठीक. मनिष उंबरगावच्या कंपनीत रोज जाऊन येऊन करतो. सुनिताचे गुडघे दुखतात. चिकूला या वर्षी फळ बरं आहे.

एक गोष्ट कळवतो. आमच्या सुनेने, निलमने, तुमच्या शाळेत विज्ञानाच्या शिक्षिकेच्या जागेसाठी अर्ज केला आहे. १ फेब्रुवारीला मुलाखत आहे. तू शाळेच्या कमिटीवर आहेस, पण तिने मला बजावलं आहे की काकांना एक शब्द बोलायचा नाही. म्हणून मी काही बोलत नाही. नुसतं कळवतो.

यमुनावहिनींना नमस्कार.

तुझा,
जीवन खरपडे

---

डहाणू रोड
२५ जानेवारी २०२५

श्री. जीवन खरपडे यांस,

तुझं पत्र वाचलं आणि माझ्या डोक्यातला गुंता सुटला. सुटला नसता तर बरं झालं असतं.

आधी ती अर्धवट भरलेली पानं. प्रत्येक ओळ कागदाच्या मध्यावरून सुरू केली आहेस, डावीकडचा निम्मा कागद कोरा. तीस वर्षं मुलांना समास पाळायला शिकवलेला मास्तर असं लिहीत नाही. घाईघाईने, टाळायचं म्हणून लिहिलंस, हे उघड दिसतं. मग मनिषची नोकरी, गुडघे, चिकू. आणि सगळ्यांत शेवटी, ‘नुसतं कळवतो’.

तुला हत्तीची खेळी दिसली नाही, हे मी मानत नाही. वापीच्या स्पर्धेत तू शेजारच्या बोर्डावरची मात चालता चालता ओळखली होतीस. तुला दिसली, आणि तू ती खेळला नाहीस. बारा तारखेला मला पहिला नंबर दिलास, आणि एक तारखेला तुझ्या सुनेची मुलाखत, जिथे मी निवड करणाऱ्यांत बसणार.

मी तुझ्याकडे काही मागितलं नव्हतं. तू आधी सांगितलं असतंस की निलमचा अर्ज आहे, तर तिचे गुण बघून मी स्वतःहून तिची बाजू मांडली असती. पण असं नाही.

मी आज अध्यक्षांना भेटलो. सांगितलं की मी मुलाखतीला बसणार नाही. त्यांनी कारण विचारलं. मी म्हणालो, एक उमेदवार माझ्या ओळखीतली आहे आणि त्या ओळखीचा वापर केला गेला असावा अशी मला शंका आहे. नाव त्यांनी विचारलं, ते मी सांगितलं. खोटं बोलणं मला जमत नाही.

मोहन सावे

---

वेवजी
१० फेब्रुवारी २०२५

मोहन,

निलम एक तारखेला सकाळी इथून जीपने तलासरी, तिथून एसटीने डहाणू अशी तुमच्या शाळेत गेली. बाकीच्यांना अर्धा-अर्धा तास बसवलं. तिला पाच मिनिटांत बाहेर पाठवलं. तिच्या विषयातलं एकही विचारलं नाही. एक जण म्हणाला, “तुमचे सासरे बुद्धिबळ खेळतात ना? चांगले डाव टाकतात म्हणे.” आणि सगळे हसले.

ती घरी आली, कपडे बदलले आणि भाकऱ्या थापायला बसली. मला ती एक शब्द बोलली नाही. हे मला मनिषकडून कळलं.

तू खोटं बोलू शकत नाहीस, छान. शंका मात्र खरी असल्यासारखी सांगू शकतोस.

आता माझी शंका ऐक. मी ड्रॉ म्हटल्याबरोबर तू हात पुढे केलास. नेहमीसारखा पटावरून नाही. उठून, वळसा घालून माझ्या उजव्या बाजूला येऊन हात दिलास. त्याआधी माझा पाण्याचा ग्लास डावीकडून उचलून उजवीकडे ठेवलास. का? तुला त्या दिवशी काय समजलं होतं? आणि समजलं होतं तर माझ्यावर उपकार म्हणून ड्रॉ घेतलास का? तुझा डाव बरा होता असं मला वाटत होतं. मग तू पुढे का खेळला नाहीस? कोणाकोणाला सांगितलंस? कमिटीतले लोक माझ्या नावावर हसतात ते नुसतं एका ड्रॉवरून?

माझी कीव करायचा हक्क मी तुला कधी दिलेला नाही.

पत्र नको.

जीवन

---

डहाणू रोड
१६ फेब्रुवारी २०२५

जीवन,

नको म्हणालास तरी हे एक पाठवतो, कारण मला तुझं पत्र समजलेलं नाही.

ग्लास मी हलवला, कारण तुझ्या कोपराचा धक्का लागून तो एकदा सांडता सांडता राहिला होता. वळसा घालून आलो, कारण समोरून हात दिला असता तर घड्याळ पडलं असतं. कसली कीव? मला काय समजायला हवं होतं? लोक तुझ्यावर हसावेत असं मी काय सांगणार?

मी तुझ्यावर एक आरोप केला, त्याचं तू उत्तर दिलं नाहीस. उलट असं काही विचारतोस की मला वाटतं मी चुकीचंच दार ठोठावत होतो.

मुलाखतीत तसं झालं, ते मला माहीत नव्हतं.

मोहन

---

वेवजी
५ मार्च २०२५

आदरणीय मोहनकाका,

नमस्कार. मी निलम, मनिषची बायको. बाबांना न सांगता हे लिहीत आहे.

तुमचं पंचवीस तारखेचं पत्र बाबांना मीच वाचून दाखवलं. ते म्हणाले, चष्म्याची काडी मोडली आहे, तू वाच. मी ओसरीत मोठ्याने वाचायला लागले. माझं नाव आलं तिथे मी थांबले. बाबा म्हणाले, “वाच.” मी शेवटपर्यंत वाचलं. अध्यक्षांना माझं नाव सांगितल्याचंही वाचलं. मग बघितलं तर चष्मा त्यांच्या सदऱ्याच्या खिशात होता. काडी चांगली होती.

मुलाखत तेव्हा तीन दिवसांवर होती. मी तरीही आले. नाव मागे घेतलं असतं तर तुमचं खरं ठरलं असतं. आत काय झालं ते तुम्हाला कळलंच असेल.

पण मी लिहायला बसले ते त्यासाठी नाही. चांगला चष्मा असताना त्यांनी पत्र मला का वाचायला दिलं, ते माझ्या डोक्यातून जात नव्हतं. मग मी बघत राहिले. जेवताना ताटाच्या उजव्या बाजूची भाजी संपायची, डावीकडचा भात तसाच. आई म्हणायच्या, भूक कमी झाली. दाराच्या चौकटीला डावा खांदा आपटायचा. डावीकडून कोणी आलं की दचकायचे आणि मग रागवायचे. मी मनिषला सांगितलं. तो म्हणाला, वय झालं.

वीस फेब्रुवारीला ते स्कूटरवरून झरीला चालले होते. सरळ रस्ता, समोर गाडी नाही. डावीकडच्या चरात गेले. मुका मार लागला, हात खरचटला, बाकी सुखरूप. चरातून बाहेर काढणाऱ्या माणसाला म्हणत होते की तिथे रस्ता होता.

आम्ही त्यांना वलसाडला नेलं. डोळ्यांच्या डॉक्टरांनी बाजूला बोट धरून विचारलं, “काका, डाबी बाजू शुं देखाय छे?” डावीकडे काय दिसतं, एवढंच. बाबांना गुजराती चांगलं येतं, तरी ते चष्मा पुसत बसले. पुन्हा विचारलं तेव्हा म्हणाले, “काही नाही.” डॉक्टर म्हणाले, डोळे चांगले आहेत, मेंदूचा फोटो काढा. फोटोत कळलं. डिसेंबरच्या सुमारास केव्हातरी लहानसा झटका येऊन गेला आहे. हातापायाला काही झालं नाही म्हणून कळलं नाही. मेंदूतली बघण्याची एक जागा गेली. दोन्ही डोळ्यांनी डावीकडचं निम्मं जग दिसत नाही. मान वळवली तर दिसतं, सरळ बघितलं की नाहीसं होतं. ते परत येईल याची खात्री डॉक्टरांनी दिली नाही.

परतीच्या गाडीत मी त्यांना विचारलं, “स्पर्धेच्या दिवशी हे होतं का?” मग म्हणाले की सकाळच्या फेऱ्यांमध्ये मान वळवून वळवून ते खेळले. शेवटच्या फेरीत दमले. डावीकडे बघायचं राहून गेलं की तिथे काही आहे हेच आठवायचं नाही. पट पाचसहा पट्ट्यांचा वाटायला लागला. आपला एखादा मोहरा फुकट जाईल आणि सगळ्या हॉलला कळेल, ही भीती वाटली. म्हणून ड्रॉ मागितला.

काका, तुम्हाला वाटलं त्यांनी जाणूनबुजून दिलं. त्यांना वाटलं तुम्ही ओळखलं आणि सोडून दिलं. दोघेही त्या एका हातमिळवणीवरून एकमेकांना चोर ठरवत बसलात.

मी म्हटलं, मोहनकाकांना सांगूया. ते म्हणाले, “नको. कळलं तर तो यापुढे माझ्याशी सांभाळून खेळेल.” हे बोलताना ते रडले; त्यांना रडताना मी पहिल्यांदाच पाहिलं.

म्हणून मी सांगते आहे. तुम्ही काय करायचं ते तुम्ही ठरवा.

आपली,
निलम खरपडे

---

डहाणू रोड
१० मार्च २०२५

सौ. निलम हिस,

अनेक आशीर्वाद म्हणून सुरुवात करणार होतो. तो अधिकार सध्या मला आहे असं वाटत नाही.

तुझं पत्र यमुनाने आधी वाचलं. तिने ते माझ्या पुढ्यात ठेवलं आणि म्हणाली, “तीनशे मालडब्यांचा हिशेब चुकला नाही तुमचा आयुष्यात. एक माणूस नीट बघता आला नाही.” मग ती आत गेली.

त्याने लिहिलं होतं, मला दिसलं नाही. सरळ, स्वच्छ मराठीत लिहिलं होतं. मला वाटलं तो काहीतरी लपवतोय. लपवत होताच, पण मी शोधत होतो ते नाही.

मी काल अध्यक्षांकडे गेलो होतो. सांगितलं की माझी शंका खोटी होती, तिला कसलाही आधार नव्हता, आणि एका उमेदवारावर माझ्यामुळे अन्याय झाला. तेच कमिटीच्या बैठकीत सगळ्यांसमोर सांगितलं. ज्याने तो डावाचा शेरा मारला होता त्याचं नाव घेऊन सांगितलं. जागा भरली गेली आहे, ती आता मोकळी होणार नाही. जूनमध्ये आणखी एक जागा निघणार आहे. तू म्हणशील तर मी तुझं नाव आत्ताच सुचवतो. तुझे गुण आणि तुझा अनुभव मी आता वाचला आहे. आधी वाचायला हवा होता.

जीवनला काय लिहू ते समजत नाही. चार वेळा लिहून फाडलं.

मोहन सावे

---

वेवजी
१५ मार्च २०२५

आदरणीय काका,

पत्र मिळालं. बैठकीत सांगितलंत, ते चांगलं केलंत.

जूनमध्ये मी अर्ज करीन. सगळ्यांबरोबर, सगळ्यांसारखा. माझं नाव सुचवू नका. आत बसा किंवा बसू नका, पण बसलात तर मला विज्ञान विचारा.

मी तुम्हाला माफ केलं असं लिहिलं तर ते आज खरं होणार नाही. तुमचं पत्र मी स्वतःच्या तोंडाने वाचलं आहे. ते विसरायला वेळ लागेल.

मी तुम्हाला लिहिल्याचं बाबांना सांगितलं. दोन दिवस माझ्यावर रागावले. तिसऱ्या दिवशी विचारलं, “मग काय म्हणाला तो?”

त्यांना पत्र लिहू नका. पट घेऊन या.

निलम

---

वेवजी
२१ एप्रिल २०२५

प्रिय मोहन,

ही ओळ कागदाच्या कडेपासून सुरू झाली आहे, बघून घे. वलसाडच्या बाईंनी, म्हणजे तिथे नजरेचे व्यायाम शिकवणाऱ्या दक्षाबेनने, कागदाच्या डाव्या कडेला लाल रेघ ओढायला सांगितली आहे. लाल दिसेपर्यंत मान वळवायची, मग लिहायचं. एवढं पत्र लिहायला मला सकाळ लागली.

काल तू आलास तेव्हा मी मुद्दाम आत बसून राहिलो. सुनिताने दोनदा हाक मारली. मला तुझा चेहरा बघायचा नव्हता. वाटलं, आत येशील, आवाज हळू करशील, खांद्यावर हात ठेवशील आणि ‘कसं वाटतंय आता’ असं विचारशील. तसं केलं असतंस तर मी तुला चहासुद्धा न देता परत पाठवणार होतो.

शेवटी मी बाहेर आलो. तू बाकड्यावर बसलास, पट मांडलास आणि म्हणालास, “माझ्याकडून चुकलं, जीवन. फार चुकलं.” आणि मग लगेच, “पांढरी कोणाची?” बरं केलंस. त्याहून जास्त बोलला असतास तर मला उत्तर द्यावं लागलं असतं.

माझ्याकडूनही चुकलं. मी जानेवारीतच एका ओळीत सांगू शकलो असतो. सांगितलं असतं तर मनिषने स्कूटरची चावी काढून घेतली असती आणि तुम्ही सगळ्यांनी मला स्पर्धेतून बाहेर काढलं असतं. स्कूटर आता गेलीच आहे. ती गेल्याचं वाईट वाटतं, झरीच्या बाजाराला जायला कोणाची तरी वाट बघावी लागते. पण त्या दिवशी रस्त्यावर एखादं पोर असतं तर, हा विचार आला की गप्प बसतो.

निलमने तुला एक कप चहा दिला, दुसरा विचारला नाही. तिचं आणि तुझं अजून मिटलेलं नाही. त्यात मी पडणार नाही. ती जूनची तयारी करते आहे, पुस्तकं काढून बसते. भेटलास की तिच्याशी शाळेबद्दल बोलू नकोस, ती बोलली तर बोल.

आता डावाबद्दल.

पहिला डाव मी बरा खेळलो, पटाच्या कडेला लावलेली लाल पट्टी बघून बघून. तुला जड गेलं, तू कबूल केलंस. दुसऱ्यात मला हल्ला मिळाला आणि मी सगळं विसरलो. उजवीकडेच बघत राहिलो. डावीकडे माझा घोडा तुझ्या उंटाच्या तोंडात उभा होता, आणि मी वजीर हलवून घड्याळ दाबलं.

मी तुझ्या हाताकडे बघत होतो, कारण मला शांतता ऐकू आली. तू थांबला होतास. मला वाटलं, आता हा खोकेल, नाहीतर ‘नीट बघ’ म्हणेल, नाहीतर दुसरीकडेच काहीतरी खेळेल आणि आयुष्यभर मला सांगणार नाही. मी मान वळवली नाही. मुद्दाम वळवली नाही. मला बघायचं होतं तू काय करतोस.

तू उंट उचललास आणि माझा घोडा खाल्लास.

निलम दारात उभी होती. ती म्हणाली, “काका, बाबांना ते दिसलं नव्हतं. तुम्हाला माहीत होतं ना?”

तू म्हणालास, “हो.”

ती आत गेली, भांडी आपटल्याचा आवाज आला. तिला तुझा राग आला. सुनितालाही आला. संध्याकाळी मनिष म्हणाला, आजारी माणसाशी असं कोणी खेळतं का? मी त्यांना काही समजावलं नाही. त्यांच्यातलं कोणी बुद्धिबळ खेळत नाही.

डाव मी हरलो, नीट हरलो. तू हात पुढे केलास, पटावरून, नेहमीसारखा. स्कूटर चरात गेल्यापासून सगळे माझ्याशी हळू बोलतात, माझ्यासाठी वाट सोडतात, माझ्या ताटाची जागा बदलतात. कारण कळल्यापासून तर जास्तच. तू घोडा उचलून तुझ्या बाजूला ठेवलास तेव्हा बाकड्याच्या लाकडावर टक् असा आवाज झाला, आणि कित्येक महिन्यांत पहिल्यांदा मला वाटलं की समोर बसलेला माणूस माझ्याशीच खेळतो आहे.

तुझा,
जीवन